उद्यमबाग ते शिरोली: दोन सिम्युलेशन पॅकेजं एका घड्याळावर चालवून पाहिली

आधी निकाल सांगते. दोन कंपन्यांनी आपापल्या सिम्युलेशन पॅकेजात, म्हणजे कारखाना संगणकावर चालवून पाहायच्या सॉफ्टवेअरात, बांधलेली मॉडेलं एचएलए या मानकाच्या आधारे जोडून एकत्र चालवता येतात. मी चालवली आहेत. पाच महिन्यांचे रविवार त्यात गेले, पण जे हाती लागलं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने लागलं नसतं. मात्र हे सगळ्यांच्या कामाचं नाही. कुणी घ्यावं आणि कुणी या वाटेला जाऊ नये, ते पुढे येईलच.

मी बेळगावची, अनगोळात राहते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत अकरा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. आता स्वतंत्रपणे काम करते. कुणाला नवी फर्नेस घ्यायची असते, कुणाला शेड वाढवायची असते, तेव्हा आधी संगणकावर त्यांचा कारखाना उभा करून महिनाभर चालवून दाखवायचा, हा माझा धंदा. ही जोडणी ज्या दोघांसाठी केली त्यांची नावं देत नाही, पॅकेजांचीही नाही. दोन्ही पॅकेजं नावाजलेली आहेत आणि आपापल्या जागी चांगली आहेत.

उद्यमबागेतली फाउंड्री ग्रे आयर्नची (बिडाची) कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, करते. ती मशीनिंगसाठी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत जातात. हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी, कागल असा हायवेचा रस्ता, साधारण एकशेदहा किलोमीटर, मधे राज्याची हद्द. दोन्ही बाजूंची तक्रार जुनी. फाउंड्रीच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात. ते म्हणायचे, "मॅडम, माल तयार असतोय, हे लोक उचलत न्हाईत." शिरोलीचा प्लॅनिंगचा तरुण इंजिनिअर म्हणायचा, "तयार असतोय ओ, पण मला पायजे तो नसतोय."

दोघांकडे मॉडेल होतं. आप्पांचं मी बांधलेलं: मोल्डिंग, कोअर, इंडक्शन फर्नेस, ओतकाम, नॉकआउट, शॉटब्लास्ट, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), डिस्पॅच. शिरोलीचं त्या इंजिनिअरने स्वतः, दुसऱ्या पॅकेजात बांधलेलं: व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंगची मशीनं), टर्निंग, तपासणी, पॅकिंग. माझ्या मॉडेलात डिस्पॅचला गेलेला माल नाहीसा व्हायचा. त्याच्या मॉडेलात माल ठरावीक सरासरीने उगवायचा. दोन्ही मॉडेलं आकड्यांना बरोबर येत होती आणि दोन्हीत हायवे नव्हता. भांडण नेमकं तिथलं होतं.

सरळ उपाय म्हणजे दोन्ही कारखाने एकाच पॅकेजात नव्याने बांधायचे. मी तोच सुचवला. आप्पा लगेच म्हणाले, "माझं रिजेक्शन किती, हीटला वेळ किती लागतोय, हे त्यास्नी कळलं तर पुढच्या दराच्या बोलणीला तेच माझ्यापुढं मांडतील. मला हे नको बगा." शिरोलीकरांनाही आपला मशीनचा तास कितीला पडतो ते फाउंड्रीला दाखवायचं नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं. वर्षानुवर्षं एकमेकांशी धंदा करणारी माणसंही आपली वही दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, आणि सिम्युलेशन मॉडेल ही कारखान्याची सगळ्यात उघडी वही असते.

मग फायलींची देवाणघेवाण करून पाहिली. फाउंड्रीचं मॉडेल महिनाभर चालवायचं, कुठली लॉरी कधी निघाली त्याची एक्सेल यादी काढायची, ती शिरोलीच्या मॉडेलाला खायला घालायची. अर्ध्या दिवसात जमलं आणि निरुपयोगी निघालं. कारण शिरोलीत बिन (माल ठेवायचे डबे) भरले, जागा संपली, की फाउंड्रीने लॉरी थांबवायला हवी. पण फाउंड्रीचा महिना तर आधीच संपलेला! नववा दिवस शिरोलीत उजाडतो तेव्हा उद्यमबागेत तिसावा उलटून गेलेला असतो. यादी परत पाठवायची, पुन्हा चालवायचं, पुन्हा यादी, असं चार वेळा केलं. दर वेळी उत्तर वेगळं. माल एका दिशेने जातो आणि "थांबा" हा निरोप उलट्या दिशेने येतो, म्हणून दोन्ही मॉडेलं एकाच घड्याळावर चालली पाहिजेत. हे कळल्यावर मी एचएलएकडे वळले.

एचएलए म्हणजे हाय लेव्हल आर्किटेक्चर. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९० च्या दशकात ते उभं केलं, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली सिम्युलेशनं एकत्र चालवता यावीत म्हणून. २००० साली ते आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक, क्रमांक १५१६, झालं, २०१० मध्ये सुधारलं आणि २०२५ मध्ये आणखी एक आवृत्ती आली. जोडलेल्या प्रत्येक मॉडेलाला फेडरेट म्हणतात, सगळ्यांच्या मेळ्याला फेडरेशन, आणि मधे बसून निरोप पोचवणाऱ्या, घड्याळ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला आरटीआय. फेडरेटांनी एकमेकांशी परस्पर बोलायचं नाही, जे बोलायचं ते आरटीआयमार्फत, आणि कशाबद्दल बोलायचं ते एफओएम नावाच्या फाइलीत आधी लिहून ठेवायचं. त्या फाइलीत नाही ते बाहेर जात नाही. आप्पांना मी ही फाइल छापून दाखवली. एक पान. लॉरीचा क्रमांक, पार्ट नंबर, नग, वजन, पोचण्याची वेळ. "एवढंच जाणार?" "एवढंच." तिथे त्यांचा होकार मिळाला. माझ्या मते या मानकाचा कारखानदारांना सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि विकणारे लोक हा सोडून बाकी सगळं सांगतात.

आरटीआय विकतही मिळतात. मी पोर्टिको घेतला. जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, खुल्या परवान्याचा, त्याला पैसे लागत नाहीत. आमच्या दोन-तीन फेडरेटांच्या कामाला तो पुरला.

पण खरं काम सोपं झालं ते आरटीआयमुळे नाही. सिसो ही सिम्युलेशनं एकमेकांशी जोडण्याची मानकं करणारी संस्था आहे. तिने २०१० साली बाजारातल्या सिम्युलेशन पॅकेजांसाठी एक छोटं मानक काढलं, क्रमांक ००६. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या सायमन टेलर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. हे मानक फुकट उतरवून घेता येतं. त्यात प्रोग्राम नाही. दोन मॉडेलं जोडताना कुठल्या कुठल्या प्रकारची अडचण येते त्यांची नावं आणि व्याख्या आहेत, बस. मी त्याला पाचपैकी पाच तारे देते. कारण ते वाचेपर्यंत शिरोलीचा इंजिनिअर आणि मी तासन् तास बोलायचो आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असायच्या.

त्यात चार मोठे प्रकार आहेत. अ प्रकार वस्तू एका मॉडेलातून दुसऱ्यात जाण्याचा. त्याचे तीन पोटप्रकार. ब प्रकार दोघांत मिळून एकच साधन असण्याचा. आमच्याकडे तो होता: तपासणीचा एकच माणूस, सोमवार ते बुधवार उद्यमबागेत आणि नंतर शिरोलीत. क प्रकार सगळ्यांना एकाच वेळी कळावी लागणाऱ्या घटनेचा. हा वाचला तेव्हा मला पंचगंगा आठवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. असा दिवस मॉडेलात घालायचा तर तो फक्त लॉरीला कळून चालत नाही. फाउंड्रीला ओतकाम कमी करायचं असतं, मशीनशॉपला पाळ्या बदलायच्या असतात, आणि दोघांनाही ते त्याच मिनिटाला कळायला हवं. ड प्रकार दोघांनी मिळून वाचायच्या माहितीचा, म्हणजे आमच्यासाठी ग्राहकाचं महिन्याचं शेड्यूल.

अ-चे पोटप्रकार सांगायलाच हवेत. पहिला साधा: लॉरी इथून निघाली, तिथे पोचली. दुसरा, घेणाऱ्याकडे जागा मर्यादित असण्याचा. जागा नसेल तर देणाऱ्याने अडून राहायचं. तिसरा, दोन ठिकाणांहून माल एकाच क्षणी आला तर आधी कुणाचा घ्यायचा याचा. आमचं अख्खं भांडण दुसऱ्या पोटप्रकारात बसत होतं. शिरोलीत कास्टिंगचे लोखंडी बिन ठेवायला ठरावीक जागा. ती भरली की लॉरी गेटबाहेर उभी. हे शब्दांत सोपं आहे, पण इंजिनिअरला आणि मला एका टेबलाशी बसून ठरवावं लागलं: जागा आहे की नाही हे फाउंड्रीने कधी पाहायचं? लॉरी निघताना जागा आहे, पण दोन तासांनी ती पोचेल तेव्हा? आणि रस्त्यात असलेल्या लॉरीचा माल कुणाच्या हिशोबात? शेवटी ठरलं की फाउंड्रीच्या फेडरेटने उधारीच्या वहीसारखा हिशोब ठेवायचा. शिरोलीने कळवलेली रिकामी जागा, वजा रस्त्यात असलेला माल. उरली तेवढ्याचीच लॉरी भरायची.

गंमत वाटेल, पण प्रत्यक्षात दोन्ही कारखान्यांत हा हिशोब कुणीच ठेवत नव्हतं. मॉडेल जोडायला बसलो म्हणून तो प्रश्न कुणीतरी पहिल्यांदा विचारला.

आता घड्याळाची गोष्ट. हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण माझे सहा रविवार इथे गेले आणि दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

आरटीआय कुठल्याही फेडरेटला पुढे सरकू देतो ते एका अटीवर: मागून त्याच्या भूतकाळातला निरोप येणार नाही याची खात्री झाल्यावर. ही खात्री यावी म्हणून प्रत्येक फेडरेट एक वचन देतो. "आत्ता माझ्या घड्याळात जी वेळ आहे, तिच्यापुढच्या इतक्या मिनिटांच्या आतला कुठलाही निरोप मी पाठवणार नाही." त्या मिनिटांना लुकअहेड म्हणतात. वचन मोठं असेल तर समोरचा बिनधास्त लांबवर पळतो. वचन छोटं असेल तर दोघे पावलापावलावर एकमेकांना विचारत थांबतात. आमचा महिना तीस दिवसांचा, म्हणजे ४३,२०० मिनिटं. एकेका मिनिटाने पुढे गेलं तर तितके थांबे. पहिल्यांदा तसंच चालवलं आणि रात्री लावलेलं काम सकाळी संपलेलं नव्हतं.

मग हे वचन कुठून आणायचं? रस्त्यातून. उद्यमबागेतून निघालेली लॉरी शिरोलीत कितीही लवकर पोचली तरी दोन तासांच्या आत पोचत नाही. म्हणजे फाउंड्री आत्ता जे पाठवेल त्याचा परिणाम शिरोलीत १२० मिनिटांनंतरच दिसणार. अंतरच आपल्याला मोकळीक देतं. हे उमगलं त्या दिवशी मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

पण आधी मी चूक केली. लॉरीला सरासरी अडीच तास लागतात म्हणून १५० मिनिटांचं वचन दिलं. मॉडेलात कधीतरी एखादी लॉरी दोन तास पाच मिनिटांत पोचायची, आणि त्या क्षणी आरटीआय वेळ चुकीची म्हणून निरोप नाकारायचा आणि सगळं थांबायचं. वचन सरासरीचं देता येत नाही. कमीत कमी जेवढं असेल तेवढंच द्यावं लागतं.

१२० केलं. तरीही काही तासांनी तीच चूक. यावर मी तीन रविवार अडकले. कारण असं निघालं. आमच्या दोन्ही पॅकेजांना "तुझी पुढची घटना कधी आहे?" हे बाहेरून विचारता येत नाही. त्यामुळे त्यांना ठरावीक पावलांनी चालवावं लागतं: आरटीआयकडून पुढच्या वेळेची परवानगी घ्यायची, आलेले निरोप आत टाकायचे, मग पॅकेज तिथपर्यंत पळवायचं. परवानगी मिळाली की आरटीआयच्या हिशोबाने आपण पावलाच्या शेवटाला पोचलेलो असतो, पण पॅकेज मात्र पावलाच्या सुरुवातीपासून घटना चालवत असतं. अर्ध्या तासाचं पाऊल असेल आणि पाचव्या मिनिटाला लॉरी निघाली, तर ती १२५ व्या मिनिटाला पोचते. आरटीआय मात्र धरून बसलेला असतो की ३० अधिक १२०, म्हणजे १५० च्या आत काही येणार नाही. म्हणून जाहीर करायच्या लुकअहेडमधून पावलाची लांबी वजा करायची. हे एकदा कळलं की दोन मिनिटांचं काम आहे.

उलट्या दिशेचा प्रश्न याहून अवघड होता. शिरोलीत बिन भरला की स्टोअरवाला फोन करतो, आणि फोनला वेळ लागत नाही. म्हणजे त्या बाजूचं वचन शून्य! शून्य लुकअहेडची सोय मानकात आहे, पण वेग सगळा जातो. उपाय मला डिस्पॅचच्या कारकुनाने दिला, त्याला माहीतही नसेल. मी त्याला विचारलं की लॉरी भरून उभी असताना शिरोलीचा फोन आला तर? तो म्हणाला, "गेटपास झाला, काटा झाला, बिल झालं, ई-वे बिल निघालं, मग फोन आला तर काय उपयोग ओ? लॉरी जातीयच की." राज्याबाहेर माल जायचा तर ही कागदपत्रं लागतातच, आणि त्यात अर्धा तास मोडतो. म्हणजे शिरोलीचा निरोप अर्धा तास उशिरा आला तरी प्रत्यक्षात काही बिघडत नाही. ३० मिनिटं मिळाली. पाऊल १५ चं ठेवलं. फाउंड्रीचा लुकअहेड १०५, शिरोलीचा १५. महिन्याला २,८८० थांबे. जे रात्रीत होत नव्हतं ते जेवून हात धुवून येईपर्यंत व्हायला लागलं.

म्हणून माझं सांगणं आहे की लुकअहेडचा आकडा संगणकाच्या माणसाने टेबलावर बसून ठरवू नये. तो गेटवर, काट्यावर, स्टोअरमध्ये उभं राहून शोधावा.

बाकीच्या अडचणी लवकर सांगते. एफओएममध्ये नग आणि वजन दोन्ही का ठेवले? फाउंड्री किलोवर विकते आणि मशीनशॉप नगावर मोजतं. पहिल्या आवृत्तीत फक्त वजन होतं, तर शिरोलीच्या मॉडेलाला कुठल्या पार्टचे किती ते कळत नव्हतं. मशीनिंग करताना ब्लोहोल (आत राहिलेली पोकळी) निघालेली कास्टिंगं परत येतात, त्यांच्यासाठी उलटा प्रवासही लिहावा लागला. वेळ एकाकडे मिनिटांत, दुसऱ्याकडे तासांत आणि अपूर्णांकात. आम्ही दोघांनी पूर्णांकी सेकंद धरले आणि तो त्रास संपला.

एकदा शिरोलीच्या पडद्यावर ४० कास्टिंगच्या जागी ६७,१०,८८,६४० कास्टिंगं आली. हा आकडा पाहून घाबरू नका, तो ओळखीचा करून ठेवा. माझ्या बाजूचा जोडणीचा प्रोग्राम जावातला, त्याने संख्येचे चार बाइट मोठ्या टोकापासून लिहिले. समोरच्याने ते लहान टोकापासून वाचले. ४० ला पावणेदोन कोटींच्या थोड्या आतल्या १,६७,७७,२१६ ने गुणलं की तोच आकडा येतो. एफओएममध्ये प्रत्येक संख्येचा बाइटक्रम लिहायची सोय आहे. आम्ही प्रकार लिहिला होता, पण वाचणाऱ्या बाजूने तो पाळला नव्हता.

नेटवर्कचं असं. पोर्टिको आपले निरोप मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेक संगणकांना, पाठवतो आणि ते साध्या इंटरनेटवरून पलीकडे जात नाहीत. शहराशहरात जोडणी करायच्या खटाटोपात मी पडले नाही. शिरोलीचा इंजिनिअर रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बसने यायचा, तिसऱ्या रेल्वे गेटजवळ उतरायचा, माझ्या घरी टेबलावर दोन लॅपटॉप, मधे एक छोटा स्विच आणि दोन केबली. संध्याकाळी तो आपलं मॉडेल आपल्या पिशवीत घालून परत. आप्पांना ही व्यवस्था फार पटली, कारण डोळ्यांना दिसते. एक काळजी घ्या: केबल लावली की वायफाय बंद करा. नाहीतर मल्टिकास्ट भलत्याच वाटेने जातो आणि दोन फेडरेट शेजारी बसून एकमेकांना शोधत राहतात. विंडोजच्या फायरवॉललाही आधी परवानगी द्यावी लागते.

जोडणी बरोबर आहे हे कसं कळणार, असं शिरोलीच्या मालकांनी विचारलं, आणि प्रश्न योग्य होता. त्यासाठी मी खोटे, गोल आकडे घेऊन दोन्ही कारखान्यांचं लहानसं मॉडेल एकाच पॅकेजात बांधलं. कुठेही यादृच्छिक वेळ नाही, सगळं ठरावीक. मग तेच आकडे जोडलेल्या मॉडेलात घालून प्रत्येक लॉरीची निघण्या-पोचण्याची वेळ ओळीने ताडली. फरक निघाला तो निरोप उशिरा येण्याचा तो अर्धा तास, आणि तो आम्ही ठरवूनच घातला होता. हे केल्याशिवाय जोडलेल्या मॉडेलावर विश्वास ठेवू नका.

आणि मग खरा महिना चालवला. आप्पा म्हणत होते माल तयार असतो, ते खरं होतं. इंजिनिअर म्हणत होता मला हवा तो नसतो, तेही खरं. डिस्पॅचवाला लॉरी वजनाने भरायचा, कारण भाडं पूर्ण लॉरीचं. लॉरी भरण्यासाठी जड पार्ट आधी चढायचे. शिरोलीत त्यांचे बिन भरून जागा संपायची, आणि हलक्या पार्टांवाचून व्हीएमसी उभ्या राहायच्या. जागा नाही म्हणून पुढची लॉरी थांबायची, आणि त्या थांबलेल्या लॉरीतच हलके पार्ट असायचे. एकट्या मॉडेलात हे कधीच दिसलं नसतं, कारण मूळ उद्यमबागेत आणि परिणाम शिरोलीत. आता दिवसाला एका मोठ्या लॉरीऐवजी दोन छोट्या गाड्या जातात, प्रत्येकीत कुठल्या पार्टचे किती नग ते ठरलेलं. वाढलेलं भाडं दोघांनी वाटून घेतलं. निर्णय घ्यायला दोघांना एकच पडदा समोर ठेवून बसता आलं, आणि तरीही कुणी कुणाचं मॉडेल उघडलं नाही.

घेण्याआधी काय बघावं, ते विचारणाऱ्यांसाठी. तुमचं पॅकेज बाहेरून ठरावीक वेळेपर्यंत चालवून थांबवता येतं का, आणि बाहेरून त्यात वस्तू टाकता येते का, एवढं आधी तपासा. उदाहरणार्थ अरेना या पॅकेजात व्हीबीए ही प्रोग्राम लिहायची भाषा आहे, एनीलॉजिकचं मॉडेल जावातच असतं, सिम्युलएटला कॉमची, म्हणजे विंडोजवर बाहेरच्या प्रोग्रामने चालवायची, जोडणी आहे. अशी खिडकी असेल तर मार्ग निघतो. पुढच्या घटनेची वेळ विचारता आली तर उत्तम, मग पावलांचा सगळा त्रास वाचतो. फर्नेसचं तापमान, हायड्रॉलिकचा दाब असली सतत बदलणारी गणितं जोडायची असतील तर एफएमआय नावाचं वेगळं मानक आहे, तिकडे जा. मॉडेल इतकं मोठं झालंय की एका संगणकावर रेंगाळतं, अशांनाही हा मार्ग उपयोगी पडू शकतो. ब्रिटनमध्ये रक्तपेढी आणि रुग्णालयांच्या साखळीचं मॉडेल याच कारणासाठी असं वाटून चालवलं गेलं होतं.

उणीव मानकाच्या पुस्तकात आहे. आयईईई १५१६ विकत घ्यावं लागतं, ते लठ्ठ आहे, आणि त्यातलं कारखानदाराला लागणारं फारतर दहावा भाग. बाकी सगळं ज्यांच्यासाठी ते मुळात बनलं त्यांच्या गरजेचं. एखादं मराठी किंवा कन्नड टिपण असतं तर उद्यमबागेतल्या डिप्लोमा झालेल्या पोरांना हे दोन महिन्यांत शिकवता आलं असतं. मी तसं टिपण लिहायला घेतलं आहे. या एका कारणासाठी एचएलएला पाचपैकी चार.

आता आप्पांना शेजारच्या शेडमधला फेटलिंगचा ठेकेदारही या जोडणीत हवा आहे. त्याला मी नाही म्हटलं. कास्टिंगची ट्रॉली भिंतीच्या या दारातून त्या दारात जाते, दोन मिनिटं लागतात. लुकअहेड दोन मिनिटांचा, आणि पाऊल त्याहून लहान हवं, म्हणजे पुन्हा रात्रभर चालणारं काम. शिवाय ठेकेदाराचं लपवण्यासारखं काही नाही, त्याचे दर आप्पाच ठरवतात. त्याचे चार ग्राइंडर मी फाउंड्रीच्या मॉडेलातच घातले. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावची दुसरी फाउंड्री मात्र तिसरा फेडरेट म्हणून येते आहे. तिच्याही लॉऱ्या शिरोलीच्याच गेटवर येतात, आणि एकाच वेळेचे निरोप आरटीआय कुठल्याही क्रमाने देऊ शकतो. म्हणून निरोपात पुरवठादाराचा क्रमांक घातला आहे, कुणाची लॉरी आधी आत घ्यायची ते त्यावरून ठरेल. क्रम काय असावा, यावर पुढच्या रविवारी आप्पा आणि गोकुळ शिरगावचे मालक माझ्याकडे बसणार आहेत.